सहाव्या मजल्याची मालकीण

४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. आई बरी आहे, गुडघे सोडून. मी बरी आहे, डोकं सोडून. तुझं पत्र मिळालं. 'भाडं वाढायच्या ऐवजी कमी कसं झालं, सविस्तर लिही,' या तुझ्या वाक्याखाली भावोजींनी लाल शाईने रेघ मारलेली दिसली. त्यांना सांग, मी त्यांच्या दुकानात कामाला नाही. तरी सविस्तर लिहिते.

फोनवर हे बोलता येत नाही. तुझ्याकडे फोनचा स्पीकर कायम चालू, आणि माझ्याकडे खोल्या दोनच, त्यातल्या एकीत आई. म्हणून हॉस्पिटलच्या धुलाई विभागात, घड्या घातलेल्या चादरींच्या मागे बसून लिहितेय. मशीन थांबलं की मला उठावं लागतं, तेव्हा अक्षर मधेच बिघडलं तर समजून घे.

तर, वर्षाची मुदत संपत आली, दहा टक्के वाढ मागायची, हे आपल्या वर्गातल्या सरांनी फळ्यावर लिहून दिलं होतं. 'चार रविवारांत गुंतवणूकदार व्हा' म्हणून आपण दोघींनी फी भरली, तुझ्या वहीला पहिल्या पानावर चांदणीही मिळाली. मी आठ दिवस ड्रायरसमोर उभी राहून बोलण्याची तालीम केली. 'बाजारभाव बघता आम्हाला थोडी वाढ करावी लागेल.' ड्रायरने काही हरकत घेतली नाही.

शनिवारी गेले. बेल वाजवली, एकदाच, तीही हळू. चपला बाहेर काढल्या, तळव्याची धूळ पायपुसण्याला पुसली आणि विचारलं, "आत येऊ का?" ताई, निम्मं घर माझ्या नावावर आहे. तरी मी विचारलं.

भाडेकरीण तुला फोनवरूनच माहीत आहे, म्हणून सांगते. पोहण्याच्या तलावावर प्रशिक्षक आहे, खांदे दारात जेमतेम मावतात, आणि घरातही पलीकडच्या काठावरच्या माणसाशी बोलावं तसं बोलते.

"या, बरं झालं आलात. बाथरूमचा नळ गळतोय, पंखा खडखडतो, खिडकीची कडी बसत नाही."

"हो हो, माझंच चुकलं," मी म्हणाले.

काय चुकलं माझं? मी गळत होते का?

मग खुर्चीच्या कडेवर बसले आणि समोरची भिंत बघितली. चौदा खिळे. मी मोजले. पदकं, टॉवेल, शिट्टी, कॅलेंडर, आणि तीन नुसतेच, पुढेमागे लागतील म्हणून ठोकलेले. मला राग यायला हवा होता. आला नाही. आधी मनात आलं, मालक बघतील तर काय म्हणतील. मग आठवलं की मालक मीच.

यात माझा एकटीचा दोष नाही. अकरा भाड्याच्या घरांत वाढलेल्या पोरी आपण. कॅलेंडर कधी भिंतीवर नव्हतं, कपाटाला टेकवून ठेवलेलं असायचं. जिन्यात खेळायचं नाही, मोठ्याने हसायचं नाही, पाहुणे आले तर दोन-दोन करून सोडायचे, म्हणजे मालकांच्या डोळ्यांवर येत नाही. आईच्या शिलाई मशीनच्या पायांखाली कापडाच्या घड्या, आणि तरी संध्याकाळी सातनंतर मशीन बंद. हे सगळं अंगात मुरलेलं आहे. चार रविवारांत निघतं होय?

म्हटलं, "भाड्याबद्दल बोलायचं होतं."

"बोला."

आणि माझ्या तोंडून काय निघावं? "तुम्हाला जड तर जात नाही ना?"

"जातं की," ती म्हणाली.

वाढवायला गेले आणि कमी करून आले. निघण्याआधी पिशवीतला पाना काढून नळाचा वॉशरसुद्धा बदलला. तिने पाणी विचारलं, मी 'नको, उगाच तुम्हाला त्रास' म्हणाले. भावोजींना हे वाचून दाखवू नकोस.

आणि हसू नकोस. तू तरी काय दिवे लावलेस? नोव्हेंबरात तिने भाडं थकवलं तेव्हा तू मोठ्या तावात फोन केलास आणि म्हणालीस, "सवडीने द्या." ती मला सांगत होती, तुमच्या ताई फार सज्जन आहेत.

आईने परवा पुन्हा विचारलं, लिफ्ट चालू झाली का. मी सांगितलं, अजून नाही, माणूस येतो म्हणतात आणि येत नाही. आपलं ठरलं होतं तसंच सांगितलं. पण आपलं हेही ठरलं होतं की घर आईसाठी घ्यायचं. अर्धवट बांधलेल्या इमारतीत तिला नेलं होतं, आठवतंय? खिडकीपाशी उभी राहून वितीने मोजत होती, इथे मशीन मावेल म्हणून. मग सर म्हणाले, पहिलं घर राहायचं नसतं, कमवायचं असतं. आपण म्हटलं, एकच वर्ष. तू म्हणालीस, तिला लगेच सांगू नको, हिरमुसेल. मी लिफ्टचं कारण काढलं.

वर्ष होत आलंय. ही लिफ्ट मी आणखी किती दिवस बंद ठेवायची, तेवढं कळव.

तुझी,
धाकटी


१९ एप्रिल

प्रिय ताई,

तब्येतीचं विचारलंस, सगळं ठीक. तुझ्या पत्राचं उत्तर लगेच दिलं नाही, कारण लगेच दिलं असतं तर तुला ते वाचवलं नसतं.

घर विकायचं म्हणतेस. गिऱ्हाईक तयार आहे, भाव चांगला येतोय, त्या पैशात दोन लहान घरं अर्धवट बांधकामात धरता येतील, दोन वर्षांत एकाची दोन होतील. हे तुझं वाक्य नाही, सरांचं आहे. त्यांची 'आता' म्हणायची लकबसुद्धा तू उचलली आहेस. तू विचारतेस, तुला काय वाटतं. पुढच्याच ओळीत लिहितेस, कागद मेच्या शेवटी पाठवते, सही करून ठेव. मग विचारलंस कशाला?

आईचा उल्लेख तुझ्या पत्रात एकदाच आहे, 'आईला औषधं वेळेवर देत जा' असा. देते.

नाही म्हणत नाही मी. हिशेब मलाही कळतो. आम्ही राहतो ती जागा जुन्या भाड्याची, स्वस्त. सहाव्या मजल्याचं भाडं त्याच्या तिप्पट. स्वस्तात राहायचं आणि महाग द्यायचं, हे तर माझ्याच वहीत मी दोनदा अधोरेखित केलंय. आता नव्या दोन घरांपैकी एकात आईला ठेवू म्हणतेस. दोन वर्षांनी. आई शहात्तर वर्षांची आहे. बेरीज तूच कर.

एक चांगली बातमी, नाहीतर म्हणशील ही नुसती कुरकुरते. भाडेकरीण सुधारली. मार्चचं भाडं एक तारखेला, एप्रिलचंही एक तारखेला, आणि फोन करून 'मिळालं का' असं विचारलंही. कडी तिने स्वतःच बसवून घेतली. मागच्या वेळी निघताना मी दारात जरा आवाज चढवला होता, 'नळ आता नीट वापरा' म्हणून. त्याचा परिणाम दिसतोय. भावोजींना हे वाचून दाखवलंस तरी चालेल.

आईला गुडघ्यांसाठी दवाखान्यात व्यायाम सांगितलाय, दर गुरुवारी. एकटी जाते. मी सुट्टी काढते म्हटलं तर नको म्हणाली. चालायला लागल्यापासून जरा खुलली आहे.

रविवारी जेवताना लिफ्टचं विचारलं. मी म्हटलं, एक भाग बाहेरून मागवलाय. ती म्हणाली, "बरं."

कागद पाठव, बघते.

तुझी,
धाकटी


११ जून

ताई,

कागद मिळाले. मी सही केलेली नाही, आणि करणार नाही. का ते लिहिते, आणि यावेळी सगळं लिहिते. चहाच्या सुट्टीत मावणार नाही म्हणून आज रजा टाकली आहे आणि तलावाच्या कट्ट्यावर येऊन बसले आहे.

गेल्या शनिवारी मी भाडेकरणीला सांगायला गेले की घर विकतोय, एक गृहस्थ बघायला येतील. बेल वाजवली, चपला काढल्या, आत गेले. खिडकीला नवे पडदे होते. मी सव्वीस वर्षं कापड हाताळतेय, माझा हात आपोआप कडेला जातो. दुहेरी दुमड, बारीक टाका, कोपऱ्यावर तीन उलटे टाके मारून संपवलेला दोरा. ती शिवण मी डोळे मिटून ओळखेन. माझ्या शाळेच्या प्रत्येक कपड्याला ती होती, तुझ्याही.

"हे कुणी शिवलं?"

"तुमच्या आईंनी," ती म्हणाली. "दर गुरुवारी येतात की. तुम्हाला माहीत नाही?"

ताई, दवाखाना वगैरे काही नव्हतं. फेब्रुवारीच्या शेवटी आई बसने तिथे गेली. लिफ्ट खरंच बंद आहे का, आणि माणूस का येत नाही, हे बघायला. मला वाटतं, माझी दमछाक वाचवायला. खाली चौकीदाराला विचारलं, लिफ्ट कधी चालू होणार. तो म्हणाला, आजी, पहिल्या दिवसापासून चालू आहे. मग ती लिफ्टने वर गेली आणि बेल वाजवली.

भाडेकरणीने मला सगळं सांगितलं, आणि पहिल्यांदाच हळू आवाजात सांगितलं. आई दारात उभी राहून म्हणाली, मी मालकिणीची आई, नुसतं बघायला आले, तुमची हरकत नसेल तर. चपला बाहेर काढल्या. खिडकीपाशी थोडा वेळ उभी राहिली. मग विचारलं, मालकीण कशी आहे?

"मी म्हटलं, स्वभावाने बऱ्या आहेत, पण घाबरतात," भाडेकरीण म्हणाली. "तर त्या म्हणाल्या, तिला त्रास देऊ नका. भाडं वेळेवर देत जा. ती नवीन आहे."

नवीन आहे, म्हणाली. एक तारखेची भाडी माझ्या चढलेल्या आवाजाने आली नाहीत. माझ्या आईने माझ्यासाठी रदबदली केली, जशी ती आयुष्यभर मालकांपाशी आपल्या दोघींसाठी करायची. तेव्हा म्हणायची, पोरी लहान आहेत, होते थोडी आदळआपट.

आणि त्यानंतर साडेतीन महिने, दर रविवारी, ती मला विचारत राहिली, लिफ्ट चालू झाली का. सगळं माहीत असून. मला आता कळतंय की ती काय करत होती. दर रविवारी मला खरं बोलायची एक संधी देत होती, आणि मी तिला बाहेरून मागवलेल्या भागाची गोष्ट सांगत होते. 'बरं' म्हणून ती ताटात बघायची. मला लाज वाटते. असं लिहिताना बरं वाटत नाही, पण दुसरा शब्द नाही.

आणखी एक आहे. फेब्रुवारीत मी तुला निम्मंच लिहिलं. भाडं कमी झालं ते नुसतं माझ्या भिडस्तपणाने नाही. त्या दिवशी भाडेकरीण म्हणाली होती, तलावाजवळ एक खोली मिळतेय, महिनाअखेर सोडते म्हणते. घर आपोआप रिकामं होत होतं. वर्ष होत आलं होतं, आईला नेता आलं असतं. आणि मी तिला थांबवलं. भाडं कमी करते, राहा, म्हणाले. जवळजवळ विनवलं.

का, ते मी ड्रायरसमोर उभी राहून स्वतःला बरेच दिवस विचारलं. पैशासाठी असतं तर कमी कशाला केलं असतं? खरं असं आहे, मला मालकीण व्हायचं होतं. ती मला 'मालकीणबाई' म्हणायची, अगदी हुकूम सोडतानासुद्धा, आणि तो शब्द कानाला फार गोड लागायचा. आम्ही मायलेकी राहायला गेलो असतो तर मी काय, आपल्या घरात राहणारी एक बाई. भाडेकरू असेल तरच मालकीण. सत्तेचाळीस वर्षं जिन्यात अंग चोरून चालले, मला एक माणूस असं हवं होतं ज्याच्यापुढे मी मालक आहे. आणि ते मिळाल्यावर मी त्याच्यापुढेही अंग चोरूनच उभी राहिले. त्या शब्दापायी आईला लांब ठेवलं. तुझ्या सरांना दोष देऊन भागणार नाही, त्यांनी लिफ्टबद्दल काही शिकवलं नव्हतं.

शनिवारी घरी आले. आई मशीनवर होती. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं, तुझं, माझं, विक्रीचं, फेब्रुवारीचं. ती पायाने मशीन चालवत होती, मग थांबली. मला वाटलं रडेल, किंवा मला एक ठेवून देईल. दिली असती तर बरं झालं असतं.

"ती पोहणारी कधी सोडतेय?" तिने विचारलं.

"महिनाअखेर. घर आता आपल्यालाच लागतंय, असं सांगून आलेय. खिळ्यांचे पैसे कापू नका म्हणाली, मी नाही कापणार."

"मग एक तारखेपासून मी घेते. भाडं किती?"

मी म्हटलं, आई, काहीतरीच काय. तुझंच घर आहे, तुझ्याकडून भाडं कसलं?

ती अजिबात चिडलेली नव्हती. पोरीला पाढा समजावून सांगावा तसं म्हणाली, "फुकट राहणाऱ्याला कधीही उठवता येतं ग. ज्याच्याकडे पावती असते, त्याला निदान महिनाभर आधी सांगावं लागतं. अकरा घरं सोडली मी. जिथे पावती होती तिथे शेवटचा महिना तरी शांतपणे मिळाला. आता या वयात मला घाईने बांधाबांध जमणार नाही."

मी तिच्या हातापाया पडले, ताई. शपथा घातल्या. ती ऐकून घेत होती आणि मान हलवत होती, मालकांचं ऐकताना हलवायची तशी. मग म्हणाली, "तू म्हणतेस ते खरंच असेल. पण घर दोघींचं आहे. दोघींच्या सह्या हव्यात."

शिवणकामाचे पैसे तिने बाजूला काढून ठेवलेत. गेले साडेतीन महिने साठवतेय, म्हणजे पहिल्या गुरुवारपासून. तिच्या मनात काय होतं, हे तिने आपल्यापैकी कुणालाही सांगितलेलं नाही.

तेव्हा या पाकिटात दोन कागद आहेत. एक तुझा, विक्रीचा, माझ्या सहीशिवाय परत. दुसरा भाडेकरार. कोऱ्या करारावर आईने स्वतःच्या हाताने लिहिलंय, भाडेकरू म्हणून तिचं नाव आणि सही आहे, मालक म्हणून माझी सही आहे, खाली तुझी जागा मोकळी आहे. भाड्याचा आकडा तिनेच टाकलाय, मी खोडायला गेले तर हात धरला. तुला राग येईल, भावोजींना जास्त येईल. येऊ दे. मलाही आलाय, तुझ्यावर, सरांवर आणि सगळ्यांत जास्त स्वतःवर, आणि तो उतरायला बरेच दिवस लागतील. विकायचंच असेल तर विक, माझ्याशी भांडून, कोर्टात जाऊन, कसंही. पण मग एक तारखेनंतर तू स्वतः ये, सहाव्या मजल्यावर जा आणि दार उघडेल त्या बाईला तोंडाने सांग.

करारातली एक जागा आईने कोरी ठेवली आहे, बघ, तिसऱ्या ओळीत. मुदत. मी म्हटलं, आई, हेही भर. म्हणाली, "ते मालकांनी भरायचं असतं."

माझा हात चालेना. तू थोरली आहेस, तू भर.

तुझी,
धाकटी